न वाजलेला बूट

तेलातून काढलेली शीट लगेच मापायची नाही, हे वाक्य लॅबमधल्या टेक्निशियन बाईंनी एकतीस वर्षांत इतक्या वेळा म्हटलं होतं, की आता त्यासाठी तोंड उघडायचाही त्यांना कंटाळा यायचा. त्या नुसतं बघायच्या. चष्म्याच्या वरून, मान जराशी तिरकी करून. त्या बघण्याचा अर्थ लॅबमध्ये सगळ्यांना पाठ होता: पूस, फॉइलमध्ये गुंडाळ, डब्यात ठेव आणि चोवीस तास तिला हात लावू नकोस. म्हणून त्यांचं नाव चोवीसबाई पडलं होतं. ज्या स्कॉलरने ते ठेवलं तो केव्हाच शिकून निघून गेला, नाव मात्र जागच्या जागी राहिलं.

आणि तरीही त्या सकाळी 'सुसाट' नावाची मुलगी मापयंत्रासमोर उभी होती आणि तिच्या चिमट्यातल्या शीटवर तेलाचा थेंब अजून लोंबत होता.

"बाई, नऊ! नऊ आला!"

"ठेव खाली."

"अहो पण नऊ! आजवर चारच्या वर गेलो नव्हतो आपण."

"उद्या याच वेळी चारच येईल. मग तू तोंड पाडून बसशील आणि मला तुझी समजूत काढावी लागेल. मला वेळ नाही. ठेव खाली."

सुसाट म्हणजे लॅबमधली पीएचडी करणारी सगळ्यात नवी मुलगी. चालणं सुसाट, बोलणं सुसाट, डोकंही तसंच. हे नाव मात्र बाईंनी ठेवलेलं होतं; कौतुकाने ठेवलं की वैतागाने, ते त्यांनी कुणाला कधी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी आकडा चार आला. बाईंनी मान जराशी तिरकी केली. फक्त बघितलं.

आता हे काम काय होतं ते सांगायला हवं, नाहीतर बाईंचा वैताग कळणार नाही. जगात काही सिरॅमिक अशी असतात की त्यांच्यावर दाब पडला की त्यांच्यात थोडीशी वीज तयार होते. पिझोइलेक्ट्रिक म्हणतात त्यांना. दाब ओळखायला याहून बरी वस्तू नाही, पण ती काचेसारखी ठिसूळ. म्हणून तिची पांढरी पूड करायची, रबरासारख्या पॉलिमरमध्ये कालवायची आणि त्याची पातळ शीट ओतायची. म्हणजे वाकेलही आणि दाब पडला की सांगेलही. बोलायला किती सोपं! पूड जास्त घातली की दाबामागे मिळणाऱ्या विजेचा आकडा चढायचा, पण शीट बिस्किटासारखी कटकन मोडायची. पूड कमी घातली की शीट छान लवचीक व्हायची आणि मुकी राहायची. दोन वर्षं अख्खी लॅब याच दोन टोकांमध्ये हेलपाटे घालत होती.

बरं, शीट ओतली म्हणजे झालं असंही नाही. ओतलेली शीट झोपलेली असते. शंभर अंश तापलेल्या तेलात बुडवून तिच्यावर हजारो व्होल्ट सोडायचे आणि ते चालू ठेवूनच तेल निववायचं, तेव्हा कुठे ती जागी होते. सगळे याला पोलिंग म्हणायचे, बाई 'जागं करणं' म्हणायच्या. नुकती जागी झालेली शीट पहिल्या दिवशी खोटंच जास्त बोलते, कारण तिच्या अंगावर साचलेली फालतू वीज निघून गेलेली नसते. फॉइलमध्ये दिवसभर राहिली की ती निघून जाते आणि खरा आकडा उरतो. आणि जागी झालेली शीट एकशे वीस अंशांच्या वर तापली की पुन्हा झोपते, ती पार ठार झोपते. म्हणून ओव्हनच्या दारावर बाईंच्या ठसठशीत अक्षरात कागद चिकटवलेला होता: 'आत शीट असताना ऐंशीच्या वर नेऊ नये. नेल्यास माझ्याशी गाठ आहे.' चौदा वर्षांचा कागद तो. कडा पिवळ्या पडल्या होत्या, दरारा तसाच होता.

हा सगळा खटाटोप चालला होता एका बुटासाठी. ज्यांच्या पायांतली जाणीव गेलेली आहे अशा माणसांच्या बुटात ही शीट बसवायची. चालताना तळव्याच्या एखाद्या जागी फार दाब पडायला लागला, की घोट्यापाशी अडकवलेली डबी वाजणार. पायाने जे सांगायचं ते बुटाने सांगायचं. त्यासाठी आकडा निदान दहा हवा होता.

बाईंचा जीव या कामात इतका का अडकलाय, हे लॅबमध्ये फक्त सरांना ठाऊक होतं. सर म्हणजे लॅबचे प्रमुख. आणि कारण म्हणजे दादा.

दादा हे बाईंचे थोरले भाऊ. वहिनी गेल्यापासून बाईंकडेच राहायचे. नोकरीत असताना ते घरोघरच्या विजेच्या मीटरचे आकडे घ्यायचे. छत्तीस वर्षं लोकांचे जिने चढले आणि उतरले. निवृत्त झाले तरी पायांना ते कुणी सांगितलं नव्हतं. रोज सकाळी आपल्या जुन्या भागात फेरी ठरलेली. एखाद्या जिन्याखाली थांबायचं, मीटरकडे नजर टाकायची, "यांच्याकडे पाहुणे आलेले दिसतायत," असं स्वतःशी म्हणायचं आणि पुढे निघायचं. त्या फेरीवर त्यांचा दिवस उभा होता.

रक्तातल्या साखरेने दादांच्या पायांतली जाणीव हळूहळू नेली. दोन वर्षांपूर्वी डाव्या बुटात एक बारका स्क्रू पडला होता. दादा त्या स्क्रूवर सकाळपासून दुपारपर्यंत चालले आणि घरी येऊन म्हणाले, "हा मोजा लाल कसा काय झाला?" दोन बोटं गेली. डॉक्टरीणबाईंनी तेव्हाच बजावलं होतं, की उजव्या पायाला असं काही झालं तर बोटांवर भागेलच असं नाही, घोट्यापासूनही पाय जाऊ शकतो. दादांचं चालणं गेलं तर दादांचं उरणार काय?

म्हणून रोज संध्याकाळी घरी आल्यावर पहिलं काम ते. टॉर्च, हातआरसा आणि दादांचे पाय.

"पाय दे."

"घे. काढूनच ठेवू का तुझ्याकडे?"

"दादा, फालतू विनोद नकोत."

"चिंगे, पाय माझा आहे. आणि मला काहीसुद्धा दुखत नाही."

"तेच तर दुखणं आहे ना!"

छप्पन्न वर्षांच्या बाईला घरात चिंगी म्हणणारं आता एकच माणूस उरलं होतं, आणि ते माणूस पाय बघू देताना सुद्धा वर्तमानपत्र खाली ठेवत नव्हतं. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात जायची. निदान त्यांना ती आग कळत तरी होती.

चार आकड्याच्या त्या प्रकरणानंतर आठवडाभर सुसाट गप्प गप्प होती. मग एके दिवशी ती आली ती हातवारे करतच.

"बाई, आपण पूड वाढवत बसतोय तेच चुकतंय. रबरात कण विखुरलेले असतात, एकाला दुसऱ्याचा पत्ता नसतो. दाब दिला की रबर दबतं, कण आपले निवांत. त्यापेक्षा रबर ओलं असतानाच त्यावर दिशा बदलत राहणारी वीज सोडली तर? कण एकमेकांना धरून वरपासून खालपर्यंत रांगा लावतील. मग वरून दाबलं की रांगच्या रांग दबेल. कमी पुडीत काम होईल."

"कण रांगा लावतील?" बाई चाळणी आपटत म्हणाल्या. "इथे माणसं लावत नाहीत."

पण करून बघायचं ठरलं. पाच आठवडे गेले. पूड चाळायची बाईंनी, ओव्हनमध्ये सुकवायची बाईंनी, कालवताना हवेचा बुडबुडा राहिला म्हणून पुन्हा कालवायचं बाईंनी, आणि शीट वाया गेली की निराश व्हायचं सुसाटने. आकडा पाच. आकडा सहा. पुन्हा पाच. सुसाट विजेचा दाब वाढवून बघत होती, कमी करून बघत होती, आणि दर खेपेला वहीत असं काही लिहीत होती जणू या वेळी कारण सापडलंच. बाईंच्या डोक्याला अगदी ताप झाला.

शेवटी वैतागून त्यांनी एक वाया गेलेली शीट ब्लेडने उभी कापली आणि तिची कड भिंगाखाली धरली. बराच वेळ धरली.

"इकडे ये. बघ. रांगा लागतायत."

"लागतायत?" सुसाटने भिंगाला डोळा लावला.

"लागतायत, पण वर कुणीच नाही. पूड जड आहे. रांगेत यायच्या आधी अर्धी तळाला जाऊन बसते. तू विजेशी खेळत बसलीस महिनाभर आणि ही बया खाली बसून राहिली."

"मग काय करायचं?"

"उलटायचं."

आणि त्यांनी उलटलं. दर चार मिनिटांनी वीज बंद करायची, साचा उलटा करायचा, वीज चालू करायची. रबर घट्ट होईपर्यंत अडतीस वेळा. यंत्र नव्हतं, त्यामुळे बाई स्टूल घेऊन बसल्या आणि घड्याळाकडे बघत हाताने उलटत राहिल्या. अडीच तासांत त्यांनी सुसाटला मधे एकदाही हात लावू दिला नाही, कारण ती तिसऱ्या मिनिटालाच उलटेल याची त्यांना खात्री होती.

ती शीट बोटाभोवती गुंडाळता आली. मोडली नाही. पोलिंग झालं, शीट तेलातून बाहेर आली, आणि सुसाटने ती पुसली, फॉइलमध्ये गुंडाळली आणि डब्यात ठेवून झाकण लावलं.

"चोवीस तास," ती म्हणाली.

बाईंनी पेन काढलं. त्यांनी डब्यावर तारीख आणि वेळ लिहिली.

दुसऱ्या दिवशी आकडा चौदा आला. सुसाटने त्यांना मिठी मारली. "हात धू आधी, पूड आहे," बाई म्हणाल्या, पण त्यांनी तिला लगेच दूर केलं नाही.

आता कुणालाही वाटेल की झालं, बुटात घाला आणि चालायला लागा. छे! चाळीस रुग्णांवर चाचणी, तिच्यासाठी समिती, समितीसाठी अर्ज, अर्जासोबत सोळा कागद. पाच महिने तरी लागणार होते. आणि नेमक्या त्याच आठवड्यात टॉर्चच्या उजेडात बाईंना दादांच्या उजव्या तळव्यावर, अंगठ्याच्या खाली, नखाएवढा लालसर डाग दिसला.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नवे रुंद बूट घ्या आणि चालणं कमी करा. दादा म्हणाले, "कमी म्हणजे किती? आकडा सांगा." आकडा सांगितला तेव्हा मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी पूर्ण फेरी मारून आले.

बाई सरांकडे गेल्या. सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "बाई, परवानगीशिवाय एकही शीट कुणाच्या पायात जाणार नाही. खरं तर हे तुम्ही मला बजावायचं."

सरांचं बरोबर होतं, आणि याचाच बाईंना जास्त राग आला.

तीन दिवस त्या नुसत्या धुमसत होत्या. चौथ्या दिवशी त्यांनी टाकाऊ शिटांच्या डब्यातून कोपरा उडालेली एक शीट काढली. मापून बघितली. चौदा. फॉइलमध्ये गुंडाळून पर्समध्ये ठेवली. एकतीस वर्षांत त्यांनी लॅबमधली साधी पेन्सिल घरी नेली नव्हती. मागे वळल्या तर दारात सुसाट उभी. ती आल्या पावली परत गेली. संध्याकाळी तिने बाईंच्या टेबलावर काड्यापेटीएवढी एक डबी आणि दोन बारीक वायरी ठेवल्या.

"दाब मर्यादेबाहेर गेला की वाजेल, नाहीतर गप्प," ती म्हणाली. "आणि मी काहीही बघितलेलं नाही."

बूटवाल्याचं दुकान बाईंच्या रस्त्याच्या टोकालाच होतं. बाईंनी त्याच्यासाठी कागद लिहून नेला होता. शीट वाकवायची नाही. खिळा मारायचा नाही. कडा कातरायच्या नाहीत. बूटवाल्याने कागद वाचला, शीट उजेडात धरून बघितली, "यात एवढं काय आहे," अशा चेहऱ्याने मान हलवली आणि कामाला लागला. बाई त्याच्या हातांवर डोळ्यांत तेल घालून नजर ठेवणार होत्या. पण दादा!

"मला हे नवे बूट नकोत. यात पाय बोलत नाही."

"दादा, तुझा पाय कुठल्याच बुटात बोलत नाही! म्हणून तर हे चाललंय!"

"जुने काळे चांगले आहेत. त्यात बसव म्हणावं."

"जुने अरुंद आहेत. डाग त्यांनीच पडलाय."

"दहा वर्षं नाही पडला तो?"

असं अर्धा तास. दुकानात आलेली दोन गिऱ्हाइकं कामं विसरून ऐकत बसली. तोवर बूटवाल्याने गोंद लावला, वर चामड्याचा पातळ तळ चढवला, बूट त्याच्या यंत्रात दाबून ठेवला आणि दोन मिनिटांनी काढून काउंटरवर ठेवला. दादा पाय घालायला गेले तसं बाईंनीच त्यांचा हात धरला.

"थांब जरा. गरम आहे अजून."

त्या दिवसापासून घरात शांतता आली. संध्याकाळी घरी आल्या आल्या बाई विचारायच्या, "वाजला?"

"नाही."

"एकदाही?"

"एकदाही नाही."

"बघ. रुंद बूट. मी काय सांगत होते?" आणि बाई जेवायला बसायच्या. पहिले चार-पाच दिवस त्यांनी जेवण झाल्यावर टॉर्च काढला, मग एक दिवस राहून गेला, मग टॉर्च आणि आरसा खणात गेले. त्यांना झोप लागायला लागली. लॅबमध्ये त्या पूड चाळताना काहीतरी गुणगुणताना दिसल्या, आणि सुसाटने हे सरांना खास जाऊन सांगितलं. तीन आठवडे असे गेले. बाईंना पुढे त्या तीन आठवड्यांची सगळ्यात जास्त चीड आली, कारण ते इतके चांगले गेले होते.

शनिवारी कपडे धुवायला टाकताना त्यांच्या हाताला एक मोजा कडक लागला. तळव्याशी तपकिरी डाग, वाळून पुठ्ठा झालेला.

"दादा. पाय दे."

दादांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. विनोद केला नाही. बाईंनी स्वतःच त्यांच्या पायातला मोजा उतरवला.

जखम रुपयाच्या नाण्याएवढी होती आणि आतून ओली होती. डॉक्टरीणबाईंनी तपासायला बराच वेळ घेतला. "हाडापर्यंत गेलेली नाही," त्या शेवटी म्हणाल्या. "आणखी आठ दिवस गेले असते तर मी आता वेगळंच बोलत असते. तीन महिने पाय जमिनीला लावायचा नाही. पाय वाचेल, पण तीन महिने म्हणजे तीन महिने."

सोमवारी बाईंनी उजवा बूट पिशवीत घालून लॅबमध्ये आणला आणि ब्लेडने त्याचा तळ सोलून काढला. आधीच उडालेला कोपरा सोडला तर शीट अख्खी होती. कुठे चीर नाही, कुठे सुरकुती नाही. सुसाटने ती मापयंत्रात लावली.

"शून्य."

"परत लाव."

"शून्य आहे बाई."

"उलटी लाव."

"शून्य."

बाई उभ्या राहिल्या आणि त्यांची नजर ओव्हनच्या दाराकडे गेली. आत शीट असताना ऐंशीच्या वर नेऊ नये. त्यांच्याच अक्षरात. 'थांब जरा, गरम आहे अजून.' हेही त्यांच्याच तोंडचं. बूट त्यांनी हातात धरला होता, त्याची धग तळहाताला लागली होती, आणि त्यांना काय सुचलं, तर दादाचा पाय भाजेल! चौदा वर्षं दारावर लिहिलेली गोष्ट त्यांना इतकी ठाऊक होती, की ती दुसऱ्या कुणाला सांगावी लागते हेच त्या विसरल्या होत्या.

तरी त्या तडक बूटवाल्याकडे गेल्या. कुणावर तरी ओरडायला हवं होतं.

"दीडशेला ठेवतो मी," बूटवाला शांतपणे म्हणाला. "त्याशिवाय हा गोंद धरतच नाही. तुम्ही सांगितलं असतं तर दुसरा लावला असता." आणि त्याने खणातून कागद काढून काउंटरवर ठेवला. तीन सूचना, तीन ओळी. त्याने तो जपून ठेवला होता. बाईंना ओरडायलाही जागा उरली नाही.

मग त्यांनी सरांच्या खोलीत जाऊन सगळं सांगितलं. शीट घेतली इथपासून. सुसाटच्या डबीचं तेवढं नाव काढलं नाही. सर चिडले, चांगले चिडले, आणि त्यांनी लेखी मेमो दिला. एकतीस वर्षांतला पहिला. तो देऊन झाल्यावर सर चष्मा पुसत म्हणाले, "चाळीस जोड्या आपण ज्या कारखान्यात करून घेणार आहोत, तिथे गोंद कसा लावतात?"

दोघांनाही ते ठाऊक नव्हतं. सरांनी फोन लावला. दीडशेलाच लावत होते.

संध्याकाळी बाई घरी आल्या तेव्हा दादा पलंगावर होते, पाय दोन उशांवर. वर्तमानपत्र घडी घालून बाजूला पडलेलं.

"दादा, तो बूट मेलेला होता." बाईंनी पर्सही खाली ठेवली नव्हती. "पहिल्या दिवसापासून. बूटवाल्याने तापवला आणि मी बघत उभी होते. तो वाजणं शक्यच नव्हतं."

"माहितीये मला."

"कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? छत्तीस वर्षं मीटर वाचले मी, चिंगे. घरात माणसं आहेत, दिवे लागतायत आणि आकडा जागचा हलत नाही. तेव्हा काय घरात काटकसर चाललीये असं लिहायचं? मीटर बंद आहे असंच लिहायचं. पहिल्याच दिवशी जिना उतरताना शेवटच्या पायरीवर उजवा पाय तीनदा दाणकन आपटला. वाजला नाही. तेव्हाच कळलं."

बाईंच्या हातातली पर्स खाली पडली.

"मग सांगायचं नाही?" त्या इतक्या जोरात ओरडल्या की शेजारच्या खिडकीत कुणीतरी डोकावलं. "रोज विचारत होते ना मी? रोज! वाजला का, वाजला का म्हणून!"

"मग मी काय खोटं बोललो? नव्हताच वाजला."

"दादा!"

"सांगणारच होतो." दादा आपल्या पायाकडे बघत राहिले. "संध्याकाळी तुझी वाटच बघत होतो. तू विचारलंस, वाजला का. मी म्हटलं नाही. आणि तू माझ्या पायाकडे न बघता जेवायला बसलीस. दोन वर्षांत पहिल्यांदा. दुसऱ्यांदा वाढून घेतलंस. म्हटलं, आजचा दिवस जाऊ दे, उद्या सांगू. मग उद्या पण तशीच जेवलीस."

बाई पलंगाच्या कडेवर बसल्या. त्यांना या माणसाचा इतका राग आला होता की काही दिसत नव्हतं, आणि काही दिसत नव्हतं त्याचं खरं कारण राग नव्हता. पदराने त्यांनी डोळे पुसले, पुन्हा पुसले.

"मूर्ख आहेस तू."

"आहे."

"पाय गेला असता."

"हो."

"मला भूक लागावी म्हणून पाय घालवणार होतास?"

दादांनी उशीवरचा पाय जरा पुढे सरकवला. बाई उठल्या आणि त्यांनी खणातून टॉर्च आणि आरसा काढला.

दुसऱ्या दिवशी सुसाट लॅबमध्ये शिरते न शिरते तोच बाई तिच्यासमोर उभ्या.

"डबी चुकलीये. धोका असला की वाजणार, नाहीतर गप्प. मग मेलेला बूट आणि नीट चाललेला माणूस यांत फरक काय राहिला? दोघे गप्पच. प्रत्येक पावलाला वाजली पाहिजे. हळू. टक. धोका असेल तर मोठ्याने. आणि माणूस चालतोय आणि डबी गप्प आहे, म्हणजे बूट मेला."

"दर पावलाला टकटक? लोक वैतागतील बाई."

"वैतागू देत. मी एकतीस वर्षं वैतागतेच आहे. मेले का?"

सुसाटने वही उघडली. गोंद बदलला, कारखान्याला लेखी सूचना गेली, तिच्यात पहिलीच ओळ तापमानाची होती. समितीकडे पुन्हा सोळा कागद गेले. चाचणीच्या चाळीस जणांत दादांचं नाव आलं ते रीतसर, अर्ज भरून, डॉक्टरीणबाईंच्या सहीने. जखम तोवर भरली होती, पण फेरी आता निम्मीच करायची होती, आणि निम्मी म्हणजे किती हा वाद अजून मिटलेला नव्हता.

आणि घरात टकटक सुरू झाली. खोलीतून दारापर्यंत टक टक टक. दारातून परत टक टक टक. दादा बूट घालून घरातल्या घरात येरझाऱ्या घालायचे. फेरी निम्मी केल्याचा सूड होता तो, दुसरं काही नाही.

"दादा, जरा बस ना एके जागी! डोकं उठलंय माझं!" बाई स्वयंपाकघरातून ओरडल्या.

टक. टक. आणि मग काहीच नाही.

बाई पातेल्यात डाव फिरवत होत्या. डाव थांबला. त्यांनी मनात आकडे मोजले. चार, पाच, सहा.

"दादा?"

उत्तर नाही.

"दादा! काय झालं?"

"बसलोय गं! तूच म्हणालीस ना बस म्हणून."

"मग सांगायचं नाही?"

बाहेर खुर्ची कुरकुरली. मग खुर्चीत बसल्या बसल्या दादांनी उजवा पाय फरशीवर आपटला. टक. टक. टक.

"ऐकलं," बाई म्हणाल्या आणि डोळे पुसून पुन्हा डाव फिरवायला लागल्या.